भिजत घातलेली मुलं

आमच्या म्हैसूरच्या घरमालकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भर रस्त्यात एका बाईची परीक्षा घेत होते. आम्ही सामानाच्या टेम्पोतून उतरत होतो. माझ्या एका हातात मिक्सरचं भांडं, दुसऱ्या हातात साडेतीन वर्षांची रेवा, आणि ज्यांच्या माडीवर राहायला जायचं ते सत्तरीचे गृहस्थ पांढरा पंचा आणि बनियन घालून घरापुढच्या ओट्यावर उभे. खाली गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेली माझ्याच वयाची एक बाई मान खाली घालून उभी होती. ते कन्नडमध्ये काहीतरी विचारत होते आणि ती पुन्हा पुन्हा ‘हळदी, हळदी’ म्हणत होती. हळदी म्हणजे पिवळा, एवढं मला तेव्हाही कळलं. त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. ती बिचारी कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेली, टोपलीत डोकावली, धापा टाकत परत आली आणि म्हणाली, लिंबाचा पिवळा. मग त्यांनी आतून तिचा मुलगा आणून तिच्या ताब्यात दिला.

मी आ वासून बघत राहिले. नवऱ्याला हळूच विचारलं, अजून घर बदलता येईल का. तो म्हणाला, मराठी बोलणारा घरमालक इथे दुसरा कुठे शोधू.

खरं होतं ते. माझा नवरा बँकेत. बदली झाली ती पिरियापट्टणच्या शाखेत, पण राहायला म्हैसूर बरं म्हणून त्याने मंडी मोहल्ल्यात हे घर शोधलं. सकाळी सातला तो जायचा, रात्री आठला यायचा. मला कन्नडचा गंध नाही. साताऱ्यात माझं तोंड सकाळी उघडायचं ते रात्री मिटायचं, आणि इथे भाजीवालीशीसुद्धा हातवारे करून बोलायची वेळ आली. म्हणून मराठी घरमालक.

आता त्यांच्या मराठीबद्दल. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसूरचं. पूर्वी कापड रंगवायचे, ठसे मारून छापायचे. त्यांनी स्वतः चाळिशीपर्यंत ते केलं, मग साड्यांना पॉलिश करायचं दुकान टाकलं, मग तेही बंद केलं. महाराष्ट्र त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या मराठीत तीन शब्दांनी चौथा शब्द कन्नड असायचा आणि याबद्दल त्यांना काडीची लाज नव्हती. उलट माझं बोलणं ऐकून त्यांनी दुसऱ्याच दिवशी माझी कीव केली. म्हणाले, तुमची मराठी फार सुक्की आहे, घास अडकतो. मी मराठी विषय घेऊन पदवीधर झालेली बाई.

आणि मला ते ‘अम्मा’ म्हणायचे. माझ्या वडिलांहून मोठा माणूस मला आई म्हणतो याचा पहिले पंधरा दिवस मला एवढा संकोच वाटायचा की मी जिन्यावरून खाली उतरायचं टाळायची. नंतर कळलं की तिथे सगळ्याच बायका अम्मा. फुलवालीही अम्मा, कामवालीही अम्मा, कधी कधी रेवाही अम्मा. मी त्यांना काका म्हणायची. रेवा त्यांना काहीच म्हणत नसे, कारण रेवा घराबाहेर कुणालाच काही म्हणत नसे.

खालच्या दिवाणखान्यात त्यांच्या बायकोने कितीतरी वर्षं बालवर्ग चालवला होता. गल्लीतली मुलं शाळेत जायच्या आधी तिच्या हाताखालून जायची. ती गेली तेव्हा काकांनी आयांना सांगितलं, शिकवणारी गेली, आता आणू नका. आया म्हणाल्या, दोन तास नुसती बसवा, आम्हाला कामं असतात. त्यांनी बसवली. त्याला सहा वर्षं झाली होती. मोहल्ल्यातले लोक अजून शपथेवर सांगायचे की त्यांच्याकडून गेलेलं पोर शाळेत पहिल्या दिवशी रडत नाही. त्यांच्याकडे पाटी नव्हती, भिंतीवर एबीसीडीचा तक्ता नव्हता, रंगीत ठोकळे नव्हते. मी पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा चार मुलं गुळगुळीत लाल जमिनीवर फतकल घालून बसली होती आणि साडी छापायचे जुने लाकडी ठसे पाण्यात बुडवून जमिनीवर उमटवत होती. एक कोयरी उमटवायची, तिच्या शेजारी दुसरी, तिच्या शेजारी तिसरी. पहिली वाळून नाहीशी व्हायच्या आत ओळ भिंतीला टेकली पाहिजे, आणि ओळ वाकडी गेली तर काही बोलायचं नाही, वाळू द्यायची. काका आरामखुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते.

मी विचारलं, हे काय शिकवता. ते म्हणाले, ‘काय शिकवत नाय, अम्मा. सुम्ने भिजत घातलंय.’ सुम्ने म्हणजे उगीच, सहज.

भिजत घालण्याचा अर्थ त्यांनी मला पुढे समजावून दिला. बाजारातून आणलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते. ते कडक असतं, चकचकीत दिसतं, घडी मोडत नाही. नवख्या माणसाला वाटतं की काय सुंदर कापड. पण त्याला तसंच रंगात घातलं तर रंग वरच्या वर राहतो आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. म्हणून आधी भिजत घालायचं, आपटायचं, पुन्हा भिजत घालायचं, खळ पूर्ण जाईपर्यंत. कापड अगदी मवाळ, गबाळं दिसायला लागलं की मग रंग. घाई केली की डाग. माणसांकडे बघायची त्यांची ही एकच नजर होती. कुणी ओळख करून दिली की ते त्या माणसाकडे बघून मला हळूच सांगायचे, खळ हाय अजून.

एकदा एक इंजिनियर बाप आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा चार वर्षांचा. बापाने नुसती मान हलवली आणि तो पोरगा देशांच्या राजधान्या म्हणायला लागला. एका श्वासात वीसेक तरी म्हटल्या असतील. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते आणि मला घाम फुटला, कारण रेवाला तिचं स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. काकांनी सगळ्या राजधान्या शांतपणे ऐकून घेतल्या. मग मुलाच्या पाठीवरच्या दप्तरातला खाऊचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि उघड म्हणाले. त्याला उघडता येईना. बाप पुढे झाला. काकांनी बापाचा हात धरला, म्हणजे अक्षरशः मनगट पकडलं, आणि पोरगा डब्याशी झटत असताना ते तसंच धरून ठेवलं. पोरगा रडला, बाप लाल झाला, डबा काही उघडला नाही. काका बापाला म्हणाले, एक महिना भिजत घालावं लागेल. तो गृहस्थ जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. असं तोंडावर बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता रेवाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरात रेवाची टकळी चालू असायची. बाहुलीशी बोलायची, उशीशी बोलायची. उंबरठा ओलांडला की कुलूप. कुणी कितीही लाडाने विचारलं तरी ती माझ्या ओढणीत तोंड घालायची. डिसेंबरात आम्ही तिला एका शाळेत नेलं. तिथे मुलाखत म्हणत नाहीत, संवाद म्हणतात. बाईंनी नाव विचारलं, रंग विचारले, घरी कोण कोण असतं ते विचारलं. रेवाने त्यांच्या टेबलाकडे बघण्यापलीकडे काही केलं नाही. चार दिवसांनी कळवलं की मूल अजून शाळेसाठी तयार नाही. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, मुलीला कुणाला तरी दाखवून घ्या. तो शब्द ऐकून मी स्वयंपाकघरात खाली बसले. माझ्या मुलीत काही कमी आहे का, हा विचार तोवर मी मनाला शिवू दिला नव्हता. तो एकदा शिवला तो जाईना. फेब्रुवारीत दुसऱ्या एका शाळेची तारीख मिळाली होती. तिथेही नाही म्हणाले तर वर्ष गेलंच, पण त्याहून जास्त म्हणजे ती शंका खरी ठरणार होती.

मी घरी तिला शिकवायला बसले. तक्ते आणले, फळांची चित्रं आणली. माय नेम इज रेवा, हे मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. माझे वडील म्हणायचे, बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. मी ते खरं करून दाखवलेली त्यांची लेक, आणि माझ्या पोटी हे मुकं सोनं. शेवटी हरले आणि तिला खाली काकांकडे नेऊन बसवलं. अटी त्यांच्या होत्या. आईने उंबऱ्याच्या आत यायचं नाही. खिडकीतून बघायचं नाही. जिन्यात बसायचं नाही. कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत जायचं आणि आज शेवंतीचा रंग कुठला आलाय ते बघून दोन तासांनी येऊन सांगायचं. नुसतं पिवळा म्हटलेलं चालत नसे. हळदीचा, लिंबाचा, सोन्याचा की वाळक्या गवताचा. मी दोनदा चुकले आणि दोनदा मला परत पाठवलं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून लोळला. मला हसू येत नव्हतं.

पंधरा दिवस गेले. मी रोज रेवाला विचारायची, आज काय शिकलीस. ती हात दाखवायची. बोटांना अवरेकाळूचा वास यायचा. अवरेकाळू म्हणजे आपले पावट्याच्या जातीचे दाणे, हिवाळ्यात म्हैसूरभर त्यांचा घमघमाट असतो. काकांच्या बहिणीकडून सरगूरहून त्यांची पोती यायची. दाणे भिजवायचे आणि चिमटीत धरून साल काढायची, दाणा टुणकन बाहेर उडतो. मुलांकडून हे काम करवून घ्यायचं आणि त्याची आमटी काका दुपारी जेवायचे. मी फी देऊन मुलीला शिकायला पाठवते आणि हा माणूस तिच्याकडून दाणे सोलून घेतो, हे कळल्यावर मी हबकलेच. मी जाऊन बोलले. ते म्हणाले, पेन्सिल धरायला हीच चिमूट लागते. आणि वर मला एक वाटीभर आमटी दिली. चांगली होती, हेही सांगायला हवं.

मग ती सकाळ आली. मी फुलवालीकडे जायच्या ऐवजी औषधाच्या दुकानात गेले होते, ते दुसऱ्या टोकाला. परत येताना लांबून पाहिलं तर कोपऱ्यावर, स्कूटर आणि रिक्षांच्या मधोमध म्हणावं अशा जागी, माझी मुलगी एकटी उभी. काका नाहीत, कुणी नाही. फुलवाली शेवंतीची माळ ओवत होती आणि तिच्याकडे बघतही नव्हती. पुढचं मला नीट आठवत नाही. औषधाची पिशवी टाकून धावले, रेवाला उचललं, आणि रस्त्यातच ओरडायला सुरुवात केली. तेव्हा उभ्या असलेल्या एका रिक्षामागून काका बाहेर आले. त्यांनी तिला फुलवालीकडे पाठवलं होतं, ताताला एक मारु फूल पाहिजे एवढं सांगायला. ताता म्हणजे आजोबा, आणि मारु म्हणजे दोन्ही हात पसरले की होईल एवढी माळ. फुलवालीला सांगून ठेवलं होतं की तू काही विचारायचं नाहीस, मान वर करायची नाहीस. स्वतः तीन हातांवर लपून ते वीस मिनिटं उभे होते.

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वयाचा मान राहिला नाही. लोक जमले. मराठी कळत नसूनही सगळ्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘दोन मिनटं थांबली असतीस, अम्मा. ओठ हलले होते तिचे.’

मला ते ढोंग वाटलं. चोर तो चोर वर शिरजोर, असं मनात म्हणून मी मुलीला वर घेऊन गेले आणि दार लावलं. आठ दिवस तिला खाली पाठवलं नाही. नवऱ्याला म्हटलं, दुसरं घर बघ. पुन्हा तक्ते काढले. माय नेम इज रेवा. आणि त्या आठ दिवसांत असं झालं की घरातली रेवाही बोलेनाशी झाली. आधी माझ्याशी, मग बाहुलीशी. विचारलं तर मान हलवायची, भूक लागली तर डब्याकडे बोट दाखवायची. सातव्या दिवशी मला उमगलं की सकाळपासून घरात फक्त माझाच आवाज आहे. संवादाला पंधरा दिवस उरले होते.

आठव्या दिवशी मी रेवाचा हात धरून खाली गेले. माफी मागायची की भांडायचं हे ठरवलेलं नव्हतं. सकाळची वेळ, मुलं अजून यायची होती. काका ओट्यावर बसून दाणे सोलत होते. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी माझ्या ओंजळीत मूठभर भिजलेले दाणे ओतले, म्हणजे बस असा अर्थ. मी बसले. ते रेवाकडे बघून म्हणाले, पुट्टी, ऊट आयता? छोटे, जेवलीस का, असं. तिथे भेटल्यावर हेच विचारतात. मी म्हटलं, हो, पोळी खाल्ली, पण अर्धीच. त्यांनी विचारलं, पुट्टी, बाहुली नाय आणलीस? मी म्हटलं, तिचा हात निघालाय, शिवायचाय मला. त्यांनी विचारलं, पुट्टी, ताताचा राग आला? मी म्हटलं, नाही हो काका, तिला कसला राग, मलाच त्या दिवशी.

त्यांनी हातातला दाणा खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, ‘अम्मा, ती बोलत नाय असं नाय. तिचा नंबरच येत नाय.’

कुणी भर सभेत मुस्काटात मारली असती तरी मला एवढं लागलं नसतं. रागाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण जे काही बोलले असते त्याने त्यांचंच म्हणणं खरं झालं असतं. तीन प्रश्न तिला विचारले होते आणि तिन्हींची उत्तरं मी दिली होती. आजच नव्हे. डिसेंबरातल्या त्या शाळेत बाईंनी नाव विचारलं तेव्हा ‘रेवा’ असं कोण म्हणालं होतं? मी. रंग कुणी सांगितले होते? मी. भाजीवाली, डॉक्टर, शेजारी, सासूबाईंचा फोन, सगळीकडे मुलीच्या वतीने मी. मला वाटायचं मी तिला सांभाळून घेते आहे. सगळ्या घरात मी एक बोट जागा रिकामी ठेवली नव्हती.

काका म्हणाले, ‘आता गप बैस. दाणे सोल.’ आणि रेवाला विचारलं, ‘पुट्टी, आठ दिवस आली नायस. याके?’ याके म्हणजे का. एवढं विचारून ते रस्त्याकडे बघायला लागले. रेवा माझ्याकडे बघायला लागली. मी दाणे सोलायला लागले. समोरच्या घरात कुकर लावला होता, त्याची एक शिट्टी झाली. माझ्या जिभेवर पाच उत्तरं तयार होती. दुसरी शिट्टी झाली. मी इतक्या जोरात चिमटी दाबत होते की दाणे रस्त्यात जाऊन पडत होते. काकांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, वळूनही पाहिलं नाही. आयुष्यात मला इतका वेळ गप्प बसायची वेळ आली नव्हती. तिसरी शिट्टी झाली, मग गॅस बंद केला असावा, सगळं शांत झालं.

‘आईने नेलं,’ रेवा म्हणाली.

घराबाहेर, माझ्याखेरीज दुसऱ्या माणसाशी, तिचे ते पहिले शब्द मी ऐकले. एरवी मी आनंदाने नाचले असते. पण ते शब्द असे होते की मी खाली मान घालून दाणे सोलत राहिले. काकांनी शाबासकी दिली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. आयतु, झालं, एवढंच म्हणाले आणि तिच्या हातात एक ठसा दिला.

त्यानंतर पंधरा दिवस मी रोज फुलवालीकडे गेले आणि शेवंतीचे रंग बघून आले. तेवढ्या दिवसांत मी फुलवालीशी चार कन्नड शब्द बोलायला शिकले, आणि तिच्याकडून कळलं की माझी मुलगी तिच्याशी कधीपासून बोलते आहे. मी दिसले की थांबते. हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. घर बदलायचं मात्र पुन्हा काढलं नाही, आणि पुढे तीन वर्षं आम्ही त्याच माडीवर राहिलो.

संवादाच्या दिवशी नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही. तंबाखूच्या लिलावाचे दिवस, पिरियापट्टणच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसते. मी आणि रेवा दोघीच गेलो. निघताना काका ओट्यावर होते. त्यांनी रेवाला काही सांगितलं नाही, मलाही नाही. खोलीत एक प्रेमळ चेहऱ्याच्या वयस्क मॅडम होत्या. छोट्या खुर्चीवर रेवा, शेजारी मोठ्या खुर्चीवर मी. मॅडमनी इंग्रजीत नाव विचारलं. रेवा गप्प. मी माझ्या अंगठ्याचं नख तर्जनीत रुतवलं. मॅडम हसून वाट बघत होत्या. मी मनात शिट्ट्या मोजायला लागले. एक झाली असेल, दोन झाल्या असतील. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं, आणि ते पेन बघून माझा धीर सुटला. मी ‘रे’ एवढं बोललेच.

रेवाने वळून माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात, काकांच्या मराठीत म्हणाली, ‘आई, तू भायेर जा.’

मॅडमना मराठी कळत नव्हती. काय म्हणाली, त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मुलांना आईला सोडा म्हणून सांगावं लागतं, इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. मग त्यांनी दाराकडे हात केला. मी उठले. दार मीच माझ्या हाताने लावलं.

बाहेरच्या बाकावर बसले. आतून एक बारीक आवाज येत होता, अधूनमधून थांबत होता, पुन्हा येत होता. शब्द कळत नव्हते. कान दाराला लावता आला असता, बाक तेवढा जवळ होता. शेजारी एक बाप आपल्या मुलाकडून आकडे म्हणून घेत बसला होता. त्याने मला कन्नडमध्ये विचारलं, आत काय विचारतात. मी म्हटलं, गोत्तिल्ला. माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. माझ्या मुलीच्या तोंडून काय निघतंय ते मला माहीत नाही, असं तिच्या जन्मापासून पहिल्यांदा होत होतं. मला भयंकर भीती वाटली आणि रडू कोसळलं. त्या बापाने गडबडून आपल्या मुलाला बाकाच्या पलीकडे सरकवलं.

रेवा बाहेर आली ती हाताच्या पाठीवर ताऱ्याचा स्टिकर लावून. मागून मॅडम आल्या आणि म्हणाल्या, फॉर्म भरून जा. मी रेवाला वाटभर विचारलं, काय विचारलं त्यांनी, तू काय सांगितलंस. ती म्हणाली, सांगितलं. यापलीकडे एक अक्षर नाही. ती आता तिसरीत आहे, मला अजून कळलेलं नाही.

मी वाटेत मैसूर पाक घेतला आणि तशीच काकांसमोर जाऊन उभी राहिले. मुलं निघून गेली होती. वाटलं होतं, विचारतील की पुट्टी काय बोलली, घेतलं का शाळेत. रेवा आत ठशांकडे पळाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघत विचारलं, ‘किती येळ होतीस भायेर?’

मी चपापले. मी बाहेर होते हे यांना कुणी सांगितलं? म्हटलं, पंधरा मिनिटं असेन.

‘आत डोकावलीस?’

मी नाही म्हटलं.

‘रडलीस?’

मी बोलले नाही. ते रस्त्याकडे बघायला लागले. एक स्कूटर गेली, एक भाजीची गाडी गेली. मैसूर पाकाचा पुडा माझ्या हातातच होता, त्याचं तूप कागदाला सुटायला लागलं. शेवटी मी म्हटलं, हो काका, रडले.

त्यांनी पुडा घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि बाकीचा माझ्याकडे परत दिला.

‘तुझं झालं, अम्मा,’ ते म्हणाले. ‘उद्यापास्नं तू यायला नको. पुट्टीला येऊ दे.’